वळणास जागा नाही

मोहखेड्याची बस बंद पडण्याचं कारण तिथला प्रवासी निवारा हे आहे, आणि तशी रीतसर नोंद आहे.

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे फाटा लागतो. फाट्यावरून आत तीन किलोमीटरवर मोहखेडा. रोज सकाळी सात वाजता तालुक्याची गाडी गावात येई, पारापाशी थांबून वळे आणि कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, दवाखान्याला निघालेल्या बाया असं सगळं भरून परत जाई. अकरा वर्षं हे बिनतक्रार चाललं. मग प्रवासी उन्हात उभे राहतात ही बाब लोकप्रतिनिधींच्या ध्यानात आली आणि निवारा मंजूर झाला. निवारा गाडी थांबते त्या ठिकाणीच असावा, असं मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ठेकेदार कागदाबाहेर जाणारा माणूस नव्हता. गाडी जिथे थांबून वळत असे, नेमक्या त्याच जागेवर त्याने चार खांबांचा, निळ्या पत्र्याचा, चकचकीत बाकाचा निवारा उभा केला.

उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि निवाऱ्यापुढे थांबली. चालकाने खाली उतरून चारी बाजूंनी पाहिलं, तंबाखू मळली, आणि गाडी तशीच उलटी फाट्यापर्यंत नेली. आगारात त्याने लेखी अहवाल दिला, तीन शब्दांचा: वळणास जागा नाही. आगाराने फेरी तात्पुरती स्थगित केली.

उपाय सोपा होता. निवारा बारा फूट मागे घ्यायचा. पण निवारा बांधकाम खात्याचा, जागा ग्रामपंचायतीची आणि गाडी आगाराची. तिघांचीही हरकत नव्हती. फक्त प्रत्येकाला आधी उरलेल्या दोघांचं पत्र हवं होतं.

या प्रकरणात भागवत तळेकर पडला, कारण तो नुकताच मुंबईहून गावी परतला होता आणि त्याला वेळ होता. आठ वर्षं त्याने एका वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी प्रहसनं लिहिली होती. शेवटच्या प्रहसनात त्याने एका मंत्र्याच्या खुर्चीला चाकं लावली. वाहिनीने आधी चाकं काढायला सांगितली, मग खुर्ची, मग मंत्री. उरलेल्या रिकाम्या रंगमंचावर विनोद करता येईना, तेव्हा भागवत राजीनामा देऊन मोहखेड्याला आला आणि लोकांचे प्रश्न हाती घेतो असं त्याने जाहीर केलं. पाच जणांची प्रवासी हक्क समिती स्थापन झाली. समितीचं पहिलं आंदोलन रास्ता रोको हे होतं. रस्त्यावर एकही गाडी येत नसल्यामुळे ते अत्यंत शांततेत पार पडलं.

गावातल्या बहुतेकांनी गाडीविना जगायची सवय करून घेतली. अर्पिताला ती सोय नव्हती. अर्पिता ही भागवतच्या थोरल्या भावाची, रामकिसनची, मुलगी. अकरावी-बारावी तिने त्याच गाडीने केली होती. आता तिला तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जायचं होतं आणि प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख पंचवीस जून होती. रामकिसन काही शिक्षणाच्या विरोधातला माणूस नव्हता. पण फाट्यापर्यंतचा रस्ता निर्मनुष्य, आणि दोन्ही अंगांनी मका उभा राहिला की त्यात हत्तीसुद्धा दिसत नाही. त्यात अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. रामकिसनने जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"पंचवीस तारखेच्या आत गाडी सुरू झाली, तर ही कॉलेजला. न्हाई झाली, तर त्या पाव्हण्यायला होकार. माझी जबान हाय."

जबान दिल्यावर रामकिसन ती पाळतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अर्पिताने पानातली भाकरी संपवली आणि काकाकडे पाहिलं. भागवतने मान डोलावली. पंचवीस तारखेला तेव्हा दोन महिने होते.

त्याने पहिल्या महिन्यात चौदा निवेदनं दिली. तालुक्याच्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर महेमूदभाई बसत. बावीस वर्षं त्यांनी आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारला होता आणि आपल्या टेबलावरून कागद हरवला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. जे हरवायचं ते पुढच्या टेबलावर हरवे. चौदाव्या निवेदनावर शिक्का मारताना त्यांना भागवतची दया आली.

"भागवतराव, एक सांगू का? तुमचे अर्ज हितं कोनी वाचत न्हाई. मी पन न्हाई. शिक्का मारायला वाचावं लागत न्हाई."

भागवत घरी येऊन विचारात पडला. आठ वर्षांत त्याचं एकही वाक्य न वाचलेलं राहिलं नव्हतं. प्रहसनाच्या तालमीला दिवे लावणारे, चहा देणारे, पंखा फिरवणारे सगळे उभे राहत. तिसऱ्या ओळीला त्यांच्यापैकी कोणी हसलं नाही तर ओळ बदलायची, असा तिथला शिरस्ता होता. भागवतची धंद्यातली सगळी श्रद्धा एका वाक्यात मावत होती: माणूस हसला म्हणजे त्याला कळलं. पंधरावं निवेदन त्याने त्या श्रद्धेने लिहिलं.

"महोदय, शासनाने आमच्या गावाला निवारा दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. निवारा इतका भक्कम आहे की त्याच्यापुढे गाडीचं काही चाललं नाही. सध्या त्यात एक कुत्री व तिची पाच पिल्लं वास्तव्यास असून गाडी न आल्याबद्दल त्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. तालुक्यातील सर्वांत समाधानी प्रवासी म्हणून त्यांचा यथोचित सत्कार व्हावा. निवारा हलवणं शक्य नसल्यास गाव हलवावं. आम्ही बारा फूट सरकायला तयार आहोत. फक्त पारावरच्या मारुतीला विचारावं लागेल, कारण त्याची बदली यापूर्वी कधी झालेली नाही."

महेमूदभाईंनी शिक्का उचलला आणि चुकून पहिली ओळ वाचली. मग शिक्का हवेतच राहिला. ते हसले म्हणून शिपाई आला, शिपाई हसला म्हणून लेखा शाखा आली. अर्ध्या तासात निवेदन कार्यालयप्रमुख घुगेसाहेबांच्या टेबलावर होतं. त्या टेबलावर एवढ्या वेगाने पोहोचलेला तो पहिला कागद होता.

साहेबांनी भागवतला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि निवेदन स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. मारुतीच्या बदलीपाशी त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पिल्लं पाचच का ठेवली?" त्यांनी जाणकारासारखं विचारलं.

"पाचच आहेत साहेब."

"म्हणजे खरोखरची?"

"सगळंच खरोखरचं आहे साहेब. गाडीसुद्धा खरोखर बंद आहे."

यावर साहेब पुन्हा हसले आणि पुढचं कधी देताय असं त्यांनी विचारलं. भागवत ताज्या उत्साहाने बाहेर आला. महेमूदभाईंनी त्याला टेबलापाशी थांबवून हळूच सांगितलं की हसून राह्यले म्हणजे ऐकून राह्यले असं काही नसतं. त्यांची पोरगी इरम टीव्हीपुढे बसून हसत असते तेव्हा तिला घरातून चार हाका मारल्या तरी ऐकू जात नाहीत. भागवतला हा दाखला प्रशासनाला लागू आहे असं वाटलं नाही.

सोळावं, सतरावं आणि अठरावं निवेदन जिल्ह्यात गाजलं. प्रती इतर तालुक्यांत गेल्या. आढावा बैठकीची सुरुवात मोहखेड्याच्या निवेदनाने होऊ लागली, त्यामुळे बैठकांना उपस्थिती वाढली. आणि ज्या गोष्टीचा उपयोग होतो तिचं परिपत्रक निघतंच. निवेदन सुधार अभियान सुरू झालं. नागरिकांची निवेदनं रुक्ष, दीर्घ व रडकी असल्याने अधिकाऱ्यांच्या कार्यक्षमतेवर विपरीत परिणाम होतो, असं निरीक्षण नोंदवून यापुढे निवेदनं वाचनीय असावीत असा आदेश झाला. नमुन्यात नवा रकाना आला: प्रसन्नतेचा स्तर. तो कमी आढळल्यास निवेदन फेरसादर करायचं होतं.

लोक भागवतच्या ओट्यावर येऊन बसू लागले. पहिल्या आल्या पिंपळगावच्या अनवरीबी. त्यांच्या रेशन कार्डावर त्यांची नोंद पुरुष म्हणून झाली होती, त्यामुळे विधवांच्या योजनेतून नाव गळालं होतं. त्यांचा अर्ज प्रसन्नतेअभावी परत आला होता.

"भागवतभाऊ, मेरा मरद मर गया और कार्ड में मेरेकूच मरद बना दिया. इसमें हसने जैसा क्या लिखूं मैं?"

"काहीच न्हाई, अनवरीबी. म्हणूनच परत आला."

त्याने तो लिहून दिला. अनवरीबींच्या अर्जावर तालुक्याला दोन दिवस हसू पुरलं. दुरुस्ती मात्र झाली नाही, कारण दुरुस्ती झाली असती तर अर्जातली गंमत गेली असती, असं पुरवठा शाखेचं प्रामाणिक मत पडलं.

जून उजाडला. एकोणिसाव्या निवेदनाचंही उत्तर "छान" असं आल्यावर भागवतने हत्यार बदललं आणि कार्यालयापुढे आमरण उपोषणाला बसला. पोलीस ठाण्यातून विचारणा झाली की हे आंदोलन आहे की चित्रीकरण, कारण दोहोंचे अर्ज वेगळे असतात. आंदोलन असल्याचं त्याने लिहून दिलं. पोलीस ते वाचून हसले आणि सुरक्षेसाठी दोरी बांधून गेले. दोरी दिसल्यावर लोकांना ती प्रेक्षकांसाठी आहे असं वाटलं. दुपारपर्यंत दोरीपलीकडे दीडशे माणूस होतं. कोणीतरी खुर्च्या आणल्या. शेंगदाणेवाला आला.

दुसऱ्या दिवशी भागवत उठून उभा राहिला आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "मी दोन दिवस जेवलेलो नाही." लोक हसले. "मी विनोद करत नाही," तो म्हणाला, तर मागचे लोकही हसले. सरकारी दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरने रक्तदाब मोजला, आकडा पाहून गंभीर चेहरा केला आणि लोकांकडे वळून तो आकडा सांगितला. त्या आकड्यालाही हशा आला. डॉक्टरला आयुष्यात प्रथमच असा हशा मिळाला होता. तो संध्याकाळी पुन्हा येऊन मोजून गेला.

तिसऱ्या दिवशी घुगेसाहेब लिंबूपाणी घेऊन आले. सोबत लेखी आश्वासन होतं. एकवीस जूनला, शनिवारी, जालन्यात जिल्हा हास्य महोत्सव भरणार होता. बांधकाम, आगार, पंचायत असे सगळे अधिकारी एकाच सभागृहात असणार होते. "आपला विषय महोत्सवात प्राधान्याने घेण्यात येईल," असं आश्वासनात लिहिलं होतं. तिन्ही खाती एका छपराखाली येण्याचा योग निवारा झाल्यापासून आलेला नव्हता. भागवतने लिंबूपाणी घेतलं.

घरी आल्यावर त्याने महोत्सवासाठी लिहायला घेतलं. अर्पिता शेंगा फोडत समोर बसली होती. पहिलं पान तिने वाचलं आणि परत दिलं.

"काका, हे चांगलं हाय. पण मीच बोलते. तुम्ही उभे राह्यले की लोक आधीच हसायला तयार असतात."

"अन् तू काय बोलशील?"

"जे हाय ते. मला विनोद येत न्हाई."

भागवतने लेखणी खाली ठेवली. ज्यात विनोदच नाही त्यावर कोणी हसू शकत नाही, हा मुद्दा बिनतोड होता. तो आपल्याला एवढ्या वर्षांत का सुचला नाही, याचं त्याला वैषम्य वाटलं. लिहिलेलं पान त्याने फाडलं.

महोत्सवाला प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून गावोगावहून माणसं आणायचं ठरलं होतं, आणि मोहखेड्याच्या वाट्याला आगाराची एक गाडी आली. वळणास जागा नसल्याने चालकाने ती फाट्यापासून तीन किलोमीटर उलटी चालवत आत आणली. गाव बघायला जमलं. निवाऱ्यातून बाया गाडीत चढल्या, जाताना गाडी सरळ गेली. हे रोज का करता येत नाही, असं भागवतने चालकाला विचारलं. सांस्कृतिक कार्याला उलटी चालवायची तोंडी परवानगी मिळाली आहे, शिक्षणाला मिळालेली नाही, असं त्याने आदराने सांगितलं.

जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून रिक्षा आणि धान्याच्या हातगाड्या चुकवत गाडी सभागृहाला पोहोचली. कार्यक्रमाला अवकाश होता. भागवत मागच्या खोलीत अर्पिताला पाणी पी, सावकाश बोल, असं सांगत थांबला. सभागृहात त्या वेळी कॅमेरेवाले कामाला लागले होते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात प्रेक्षकांचं हसू बहुतेक वेळा आधीच टिपून ठेवतात. रंगमंच रिकामा असतो, एक माणूस समोर उभा राहून हसा म्हणतो, लोक हसतात. मग टाळ्या वाजवून घेतात, मग डोळे पुसून हसणं, मग शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून हसणं. नंतर जिथे लागेल तिथे ते तुकडे बसवतात. भागवतच्या प्रहसनांना आठ वर्षं असंच हसू पुरवण्यात आलं होतं. महोत्सवाचं चित्रीकरण करणारेही तिथूनच शिकलेले होते. मोहखेड्याच्या बायांना पुढच्या रांगेत बसवून त्यांनी चाळीस मिनिटं हसवलं. अर्पिताची आई नंदाबाई सहसा हसत नसे. पण समोरचा माणूस हात जोडून विनंती करत होता, आणि पाहुण्याच्या शब्दाला मान द्यावा अशी तिची वागणूक होती. ती हसली, आणि पदर तोंडाला लावायचं विसरली.

मग कार्यक्रम सुरू झाला आणि तिसऱ्या क्रमांकाला अर्पिता उभी राहिली.

"माझं नाव अर्पिता रामकिसन तळेकर. मला बारावीला एकोणऐंशी टक्के आहेत. कॉलेज माझ्या घरापासून एकवीस किलोमीटर आहे. त्यातल्या अठरा किलोमीटरला गाडी आहे, तीन किलोमीटरला नाही. त्या तिनापायी पंचवीस तारखेनंतर माझं शिक्षण थांबणार आहे. माझ्या वडलांचा यात दोष नाही. मला कोणालाच दोष द्यायचा नाही. निवारा बारा फूट मागे घ्या. तोवर आज आली तशी गाडी रोज आणा. एवढंच."

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. कोणीही हसलं नाही. बांधकाम खात्याचे अभियंता आपल्या बुटांकडे पाहत राहिले. नंदाबाईने डोळ्याला पदर लावला. आगारप्रमुख खुर्चीतून उठले, ध्वनिक्षेपकापाशी आले आणि घसा साफ करून म्हणाले, "सोमवारी सकाळी सातला गाडी येईल. वळायचं कसं ते आम्ही बघू." टाळ्या झाल्या. परतीच्या प्रवासात गाडीत बायांनी गाणी म्हटली. रामकिसन त्या रात्री पोरीशी नेहमीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलला.

रविवारी महोत्सवाची चित्रफीत सगळीकडे पसरली.

तीत अर्पिता उभी राहते. "माझं नाव अर्पिता," म्हणते आणि पुढची रांग हसते. "शिक्षण थांबणार आहे," म्हणते आणि एक म्हातारी हसता हसता शेजारणीच्या खांद्यावर पडते. "माझ्या वडलांचा यात दोष नाही," या वाक्यावर नंदाबाई दिसते. तोंड उघडं, पदर खांद्यावर, डोळे पाणावेपर्यंत हसताना. नंतर आगारप्रमुख उठून सोमवारी गाडी येईल म्हणतात, तेव्हा सगळं सभागृह टाळ्या पिटून लोळत असतं.

रामकिसनने ती मोबाइलवर तीनदा पाहिली आणि बायकोपुढे धरली.

"म्या तव्हा न्हाई हसले हो," नंदाबाई म्हणाली. "म्या आधी हसले."

"कशावर?"

"कशावरच न्हाई. ते म्हनले हसा, म्या हसले."

"पोरीचं शिक्षण चाललं, अन् तू कशावरच न्हाई हसून राह्यली."

नंदाबाईने पुढे धरलेला मोबाइल बाजूला सारला. तिने भागवतकडे पाहिलं. भागवतला उत्तर येत होतं, अगदी तपशिलाने येत होतं. पण ते सांगायचं तर आधी स्वतःच्या आठ वर्षांबद्दल सांगावं लागलं असतं. तो उठून ओट्यावर गेला.

सोमवारी सातला अर्पिता आणि आणखी अकरा जणं निवाऱ्यात उभी राहिली. नऊ वाजता ती घरी परतली. भागवत आगारात गेला. आगारप्रमुखांनी चित्रफीत पाहिली होती. आपण भर सभागृहात दिलेलं आश्वासन लोकांनी हसून घेतलं, हे त्यांना मनाला लागलं होतं. पण ते वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून त्यांनी नियम सांगितला. ज्या कार्यक्रमात आश्वासन दिलं तो कार्यक्रम विनोदी असल्याचं चित्रफितीवरून स्पष्ट होत होतं. प्रहसनातलं आश्वासन अमलात आणायची तरतूद आगाराच्या नियमावलीत नाही.

तिथून भागवत घुगेसाहेबांकडे गेला. मूळ चित्रण दाखवा आणि ही फीत मागे घ्या, असं त्याने हात जोडून सांगितलं. साहेबांनी त्याला बसवलं.

"मूळ चित्रण मी पाहिलं, तळेकर. अडीच मिनिटं सगळे गप्प आहेत. शांतता कोण पुढे पाठवतं? तुमचाच विषय लोकांपर्यंत जावा म्हणून पोरांनी मेहनत घेतली. एका दिवसात चार लाख लोकांनी पाहिलं. तुमच्या एकोणीस निवेदनांना मिळून एवढे वाचक नव्हते."

"साहेब, परवा पंचवीस तारीख आहे."

"म्हणूनच म्हणतो, गती ठेवा," साहेब म्हणाले.

बाहेर पडताना भागवतचा मोबाइल वाजला. जुन्या वाहिनीचा फोन होता. ती मुलगी फार नैसर्गिक आहे, तिच्यासाठी काही लिहिणार का, मंत्री आणि खुर्ची सोडून काहीही चालेल, असं तिकडून विचारत होते. भागवतने विचार करून सांगतो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर आपण "नाही" असं का म्हटलं नाही, याचा तो फाट्यापासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर विचार करत आला.

पंचवीस तारीख बुधवारी आली आणि गेली. रामकिसनने जबान पाळली.

दहा-बारा दिवसांनी साखरपुडा झाला. अंकुशनगरचे पाहुणे खुशीत होते. त्यांच्या कॉलनीत चित्रफीत सगळ्यांनी पाहिली होती. मुलाची आई नंदाबाईच्या शेजारी बसून म्हणाली की विहीणबाई, तुम्हाला बघितलं अन् म्हटलं, घर कसं हसतं-खेळतं हाय. नंदाबाईने पदर तोंडाशी घट्ट धरला. पेढे वाटणं चाललेलं असताना महेमूदभाई स्कूटरवरून आले. कार्यालयाचं पत्र टपालाने पाठवलं असतं तर कुठेतरी पडून राहिलं असतं, म्हणून ते स्वतः घेऊन आले होते. भागवतला तोंड दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पत्र त्यांनी अर्पिताच्या हातात दिलं, कारण त्या घरात सरकारी कागद तीच वाचून दाखवत असे. रामकिसनने वाच म्हटलं. हिरव्या साडीत, कपाळाला मळवट तसाच ठेवून, तिने एका सुरात वाचलं:

"विषय: मौजे मोहखेडा येथील बस फेरीबाबत. संदर्भ: आपली एकोणीस निवेदने व एक चित्रफीत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर चित्रफीत आजअखेर सात लाख बावीस हजार नागरिकांनी पाहिली असून त्यांपैकी एक्केचाळीस हजार नागरिकांनी हसरे चेहरे पाठविले आहेत. बस सुरू करावी, अशी मागणी त्यांपैकी एकाही नागरिकाने केलेली नाही. सबब, सदर फेरीस लोकमागणी नसल्याचे सिद्ध होत असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी."

पाहुण्यांपैकी एक-दोघे हसले. मुलाचा मामा म्हणाला, पोरगी वाचते मात्र झकास. अर्पिताने पत्राची घडी घातली, महेमूदभाईंना पेढा दिला आणि आत निघून गेली.

भागवतने त्याच दिवशी हरकत लिहून दिली. तिच्यात एकही विनोद नव्हता. अर्जदार प्रकरणात हितसंबंधी असल्याच्या कारणावरून ती नाकारण्यात आली. हरकत त्रयस्थ नागरिकाची, म्हणजे चित्रफीत पाहिलेल्यांपैकी कोणाची तरी असावी, असा खुलासा कार्यालयाने केला आहे. त्यासाठी कोणताही नमुना नाही, दाखला लागत नाही, साधा कागद चालतो. महेमूदभाई शिक्का घेऊन बसलेले आहेत. मुदत संपलेली नाही. आजवर एकही हरकत आलेली नाही; पाहणाऱ्यांचा आकडा मात्र रोज वाढतो आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं नाही पण सगळी हकीकत शेवटपर्यंत वाचली, अधूनमधून हसलेही, त्यांची गणना या आकड्यात करावी किंवा कसे, याबाबत कार्यालयाने वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत त्यांना आकड्यात धरून चालावं, असं तोंडी कळवण्यात आलं आहे.